भावोजींचं उपडं मडकं

अख्ख्या रायगड जिल्ह्यात आजवर कुणालाही रस्ता न विचारलेला माणूस एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आलाय. आमचे भावोजी. रस्ता विचारणं म्हणजे त्यांच्या लेखी चारचौघांत हात पसरणं. एकदा नात्यातल्या एका साखरपुड्याला निघालो होतो. गाव समोर दिसत होतं, मांडवातल्या लाउडस्पीकरचा आवाज थेट गाडीत येत होता, पण दोन रस्ते फुटले तिथे भावोजींनी गाडी थांबवली, खिशातून जीपीएसचं यंत्र काढलं आणि त्याला उपग्रह दिसायची वाट बघत बसले. ताई म्हणाली, "अहो, तो माणूस गवताचा भारा घेऊन चाललाय, त्याला विचारा की." भावोजी म्हणाले, "तो काय सांगणार? वडापासून डावीकडं, मग पिठाची गिरण, मग एक म्हातारी वटीवर बसलेली दिसंल, तिच्या बाजूनं आत. आणि म्हातारी आज वटीवर बसलीच नसंल तर?" आम्ही पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या, पेढे वाटून झाले होते आणि दुसरी पंगत उठत होती. भावोजी मात्र हात धुऊन अगदी समाधानाने पानावर बसले. "पोचलो ना? कुणाला न विचारता पोचलो," म्हणाले.

पत्ता सांगायचीही तीच तऱ्हा. ते राहतात अष्टमी गावात, रोह्याचा कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडला की लगेच, शेंबडं पोरही दाखवील असं घर. पण गॅसवाल्याने फोन केला की हे त्याला अक्षांश-रेखांश सांगायला लागतात. तो बिचारा सगळं ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, "काका, पुलाच्या अलीकडं का पलीकडं, तेवढं सांगा ना." मग ताई त्यांच्या हातातून फोन ओढून घेते. इतकी वर्षं संसार टिकला तो असाच, वेळेवर फोन ओढून घेतल्यामुळे.

हे यंत्र कसलं आणि भावोजी त्याचं करतात काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस नुसताच वेडा आहे. वेडा आहेच, पण पद्धतशीर. जगभरात काही रिकामटेकडी माणसं (शब्द ताईचा) कुठेतरी एक डबा लपवतात आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात. मग दुसरी रिकामटेकडी माणसं हातात जीपीएस धरून तो डबा हुडकायला निघतात. डब्यात वही असते, तिच्यात नाव लिहायचं. एखादी चिमुकली वस्तू ठेवलेली असते, ती हवी तर घ्यायची, पण घेतली तर बदल्यात आपलं काहीतरी ठेवायचं. मग डबा होता तसा झाकून घरी यायचं. झाला खेळ. बक्षीस नाही, नारळ नाही, शाल नाही. याला म्हणतात जिओकॅशिंग. आमच्या घरात नुसतं 'डबे' म्हणतात, कारण भावोजींनी लपवलेला प्रत्येक डबा ताईच्या मांडणीवरून गेलेला आहे. घट्ट झाकणाचा, पाणी न शिरणारा डबा दिसला की ह्यांचा डोळा त्याच्यावर. रव्याचा डबा कासूला स्टेशनच्या पाठीमागे, चहापत्तीचा नदीकाठी एका दगडाच्या सांदीत, आणि मी हौसेने दिलेला लोणच्याचा डबा कुठे आहे हे फक्त भावोजी आणि उपग्रह जाणे. ताई म्हणते, "लोकांच्या घरी चोर शिरतो, माझ्याकडं तो नवरा होऊन आला."

या खेळाचा एक नियम असा की डबा हुडकताना बाहेरच्या माणसाला कळता कामा नये. आता कोकणातल्या गावात एक पन्नाशी उलटलेला माणूस शर्ट-पँट घालून, हातातल्या यंत्राकडे बघत, निवडुंगाच्या कुंपणाभोवती घिरट्या घालतोय, आणि लोकांना कळू द्यायचं नाही! मी म्हणते, पोलीस नाही बोलावले हीच गावाची मेहरबानी. भावोजींनी यावर एक उत्तर शोधून काढलंय आणि ते वर्षानुवर्षं बदललेलं नाही. कुणी हटकलं की ते म्हणतात, "म्हस हरवलीय." त्यांच्या मते यापुढे कुणी काही विचारत नाही. विचारतात हो, चांगले विचारतात! एकदा कासूच्या पुढे एका वाडीत मी बरोबर होते. एका आजोबांनी हटकलं, ह्यांनी म्हस हरवली म्हणून सांगितलं, आणि आजोबांनी तिथल्या तिथे हाक दिली. घराघरांतून माणसं बाहेर आली. "म्हस कंची? काली का भुरी? शिंगां कशी?" भावोजींना काय, कंपनीतल्या मीटरचा आकडा विचारा, म्हशीची शिंगं कुठून सांगणार! "साधारण," म्हणाले. सगळी वाडी रानात पांगली. घटकाभराने दोघेजण घामाघूम होऊन एक म्हैस ओढत घेऊन आले. "ही बघा, उगाच एकली फिरत व्हती." ती म्हैस आमची नाही हे त्या भल्या माणसांना पटवता पटवता माझ्या तोंडाला फेस आला, कारण भावोजी एव्हाना कुंपणाच्या पलीकडे जाऊन डब्याच्या वहीत नाव लिहीत होते. तेव्हापासून कुणी हटकलं की मीच पुढे होते आणि खरं सांगून टाकते. खरं सांगितलं की लोक हसतात आणि निघून जातात. खोटं सांगितलं की म्हैस घेऊन येतात.

भावोजी रोह्याला एका कंपनीत आहेत. प्लँटमधली दाबाची, तापमानाची यंत्रं खरं बोलतात की नाही ते तपासायचं, हे त्यांचं काम. शिफ्ट संपली तरी सवय संपत नाही. घरचा वजनकाटा, ताईचा ताप बघायचा थर्मामीटर, माझ्या दुकानातला तराजू, सगळ्यांकडे ते संशयाने बघतात. जीपीएसचं तर विचारूच नका. नवं यंत्र घरी आलं की ते आधी अंगणातल्या तुळशीवर ठेवायचं, हा नेम. तुळस काही हलत नाही, तिची जागा कायम, तेव्हा यंत्राने रोज तीच जागा दाखवली पाहिजे असा ह्यांचा हिशोब. यंत्र काही ऐकत नाही. जगातलं कुठलंही जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं म्हणे. त्यामुळे सकाळी फोन केला की भावोजी "कशी आहेस" विचारत नाहीत. "आज तुळस शेजाऱ्यांच्या विहिरीत हाय," म्हणतात. कधी ती रस्त्यावर असते, कधी न्हाणीघरात. एकदा दिवाळीत ती थेट शेजारच्या माडावर गेली होती. ताई रोज त्याच तुळशीला त्याच जागी पाणी घालते आणि म्हणते, "मला सापडते. तुमच्या उपग्रहांना काय धाड भरलीय कोण जाणे."

मी ह्या फंदात पडले ती ताईच्या गुडघ्यांमुळे. ती म्हणाली, मला काही ते चढउतार जमायचं नाही, तू जा ह्यांच्याबरोबर, निदान माणूस घरी परत तरी येईल. मी पेणला रामवाडीत पोह्या-पापडांचं दुकान चालवते, हायवेवरच्या गिऱ्हाइकांशी दिवसभर तोंड वाजवून बोलायची सवय, तेव्हा गावागावांत बोलायला मी आणि यंत्राकडे बघायला ते, अशी जोडी जमली. जोडी जमली तशी भावोजींनी जाहीर केलं की तुला तुझं स्वतःचं यंत्र हवं. मी म्हटलं, माझ्या मोबाइलमध्ये नकाशा आहे की. तर म्हणाले, "मोबाइल सगळ्यांचा असतो गो. फोन आला की तो फोन होतो, फोटो काढला की कॅमेरा होतो. बांधावर उभं राहिल्यावर ज्याला दुसरा कसला धंदा नाय, असा एक जण हातात पायजे."

मग ते यंत्र निवडणं सुरू झालं. पोरीला स्थळ बघताना बघितलं नसेल इतकं बघितलं. टचचा पडदा चालणार नाही, कारण मी पापडाचं पीठ मळत असताना निघायची वेळ आली तर? तेव्हा बटणंच हवीत, आणि ती पिठाच्या हातांनी दाबता आली पाहिजेत. माझा हात पिठात बुडवून जुन्या यंत्राची बटणं दाबायला लावली, मगच खात्री पटली. चार्जिंगची बॅटरी नको, पेन्सिल सेलवर चालणारं हवं, कारण पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळतो आणि रानात प्लग मिळत नाही. पडदा भर उन्हात वाचता यायला हवा. झाडाखाली भरकटणारं नको. आणि पाण्यात पडलं तर बुडायला नको, तरंगायला हवं, कारण "तू खाडीत पाडणारच, मला म्हायतेय." पनवेलला दुकानात गेलो तेव्हा त्या दुकानदाराकडे ह्यांनी पाण्याची बादली मागितली. दुकानदाराला वाटलं भावोजींना चक्कर आली, त्याने पंखा लावला, खुर्ची दिली, ग्लासभर पाणी दिलं. भावोजींनी ग्लासाकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्यात मावायचं नाय." शेवटी दुकानदाराने हात जोडले आणि शेजारच्या चहावाल्याकडून बादली आणली. यंत्र तरंगलं. भावोजींचा चेहरा असा फुलला, जसं काही त्यांनीच त्याला पोहायला शिकवलं.

परतीच्या वाटेवर त्या नव्या यंत्रातलं होकायंत्र जुळवायचं राहिलं होतं. त्यासाठी यंत्र हातात सपाट धरून स्वतःभोवती हळूहळू फिरावं लागतं. ताईला ते दाखवायला मीही पेणला न उतरता रोह्यालाच निघाले होते; रेल्वे कासूला क्रॉसिंगसाठी थांबली, भावोजी प्लॅटफॉर्मवर उतरले आणि हात पुढे धरून गोल फिरायला लागले. एक फेरी, दुसरी फेरी. मासळीची पाटी घेऊन बसलेल्या एका बाईने मला हळूच विचारलं, "अंगात येतंय का गो त्यांच्या?" मी म्हटलं, "रोजच येतं, मावशी." तिने पाटी जरा बाजूला सरकवली आणि हात जोडले.

हसायचं ते हसून घ्या, कारण आता मी जे सांगणार आहे त्यावर मला स्वतःला हसू येत नाही.

भावोजी मूळचे मीठवाले. पेणच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला त्यांच्या वडिलांचं मीठागर होतं. वडिलांना सगळे आबा म्हणत. मिठाच्या वाफ्यांच्या कडेला एक उंचवटा, उंचवट्यावर भेंडीचं झाड (भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठचा मोठा वृक्ष), झाडाखाली पाण्याचं मडकं आणि बाजूला खोपी. भावोजींचं बाळपण त्या खोपीत गेलं. मग एका उधाणाला बांध फुटून मोठी खांड पडली, खारं पाणी आत शिरलं ते शिरलंच. आगर गेलं, वाफे गेले, वाट गेली, आणि बघता बघता सगळीकडे तिवरांचं, खारफुटीचं रान माजलं. आबा रोह्याला लेकाकडे येऊन राहिले. शेवटच्या दिवसांत एकच धोशा लावला, एकदा आगर बघायचंय. भावोजींनी होडी केली आणि त्यांना घेऊन गेले. सगळीकडे तिवरं, सगळं सारखं. आबांनी बराच वेळ बघून एका ठिकाणी बोट दाखवलं आणि म्हणाले, "हिथं." भावोजी मला सांगत होते, "मी बघितलं गो, तिथं काहीच नव्हतं. म्हटलं, पुढच्या वेळेला मी ही जागा कशी वळखणार? आबा नसंल तेव्हा कुणाला विचारणार?" आगबोटीवरच्या एका मित्राने दिलेलं जुनं जीपीएस त्यांच्या खिशात पडून होतं. ते काढलं, आबांचं बोट होतं तिथे होडी लावली आणि बटण दाबलं. सगळ्या वेडाची सुरुवात ती. आबा पुढे फार दिवस राहिले नाहीत.

पुढे गावकऱ्यांनी बांध थोडाफार सावरला, वाकडीतिकडी का होईना, उंचवट्यापर्यंत पायवाट झाली. भावोजींनी आपला पहिला डबा लपवला तो तिथे. तिथे त्यांना प्लास्टिकचा डबा नको होता. आबांचं मडकं असायचं त्याच जागी त्यांनी एक मडकं ठेवलं, पावसाचं पाणी साठू नये म्हणून दगडावर उपडं. आत बरणी, बरणीत वही-पेन्सिल, आणि एका छोट्या बाटलीत आबांच्या आगरातलं शेवटचं मीठ. सगळंच्या सगळं. ताईने परोपरीने सांगितलं, निम्मं घरात ठेवा. "घरात ठेवून काय? मीठ तिथलं हाय, तिथंच राहू दे. आणि मीठ कोण नेणार हाय?" हे त्यांचं उत्तर. बरोबर एक चिठ्ठी, हा खेळातला डबा आहे, कृपया हलवू नये, अशी. चिठ्ठी इंग्रजीत. ताई म्हणाली मराठीत लिहा, तर म्हणाले, खेळणारे जगभरातून येणार!

जगभरातून सोडा, पेणमधूनही कुणी आलं नाही. वर्षं गेली. त्यांचे बाकीचे डबे लोकांनी शोधले, मुंबईची पोरं आली, एकदा तर गोऱ्यांचं जोडपं आलं आणि रव्याच्या डब्यात नाव लिहून गेलं. खाडीवरच्या मडक्यात मात्र माझं आणि भावोजींचं नाव, एवढंच. फार आडवाटेला, चिखल, भरती-ओहोटी सांभाळायची, कोण तडमडायला जातंय! भावोजी दर रविवारी इंटरनेटवर बघायचे आणि मोबाइल खिशात घालून उठायचे. कुणीतरी एका परक्या माणसाने एकदा तिथे जाऊन उभं राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि ह्या हिवाळ्यात दोघांनी लागोपाठ लिहिलं, जागेवर गेलो, काही सापडलं नाही. मग खेळावर देखरेख करणाऱ्यांकडून निरोप आला की मालकाने जाऊन खात्री करावी, नाहीतर ही जागा यादीतून काढून टाकण्यात येईल. ताईचा फोन आला. "आज जेवले नाहीत गो," म्हणाली. "जागा काढून टाकणार म्हणे. आबा गेले तेव्हासुद्धा दोन घास खाल्ले होते ह्यांनी."

मी दुकान शेजारणीवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं बांधावर होतो. भावोजींच्या हातात त्यांचं यंत्र, माझ्या हातात माझं. दोन्ही यंत्रांनी एकच जागा दाखवली. दगड होता. दगडावर मडक्याच्या तोंडाची गोल खूण होती. मडकं नव्हतं. भावोजींनी तिवरांच्या मुळांत हात घातले, चिखल चाचपला, उंचवट्याभोवती दोनदा फिरले आणि मग भेंडीच्या बुंध्याला टेकून उभे राहिले. आबांच्या वेळचं झाड मेलं होतं, त्याच्या मुळातून फुटलेलं हे नवं. "मीठ गेलं," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना, म्हणून मी दुसरीकडे बघितलं आणि मला धूर दिसला.

बांधाच्या वळणावर, सुक्या शेतात, दहा-बारा माणसं गोल करून बसली होती. मध्ये पेंढा-गोवऱ्यांची आग, आणि आगीत उपडं मडकं. पोपटी! वालाच्या शेंगांचे दिवस. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ, ओवा भरायचा, पाल्यानेच तोंड बंद करून ते उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आमच्याकडे थंडीत रानात उपडं मडकं दिसलं की त्याचा दुसरा अर्थ कुणाच्या मनात येतच नाही. जरा जवळ गेल्यावर मी ते मडकं ओळखलं, त्याच्या बुडाचा एक टवका मीच उडवला होता. माझं डोकं असं सणकलं! मी तरातरा पुढे गेले, तोंड उघडणार तेवढ्यात आगीजवळच्या आजीने आमच्याकडे बघून हाक मारली, "ये गो बाय, ये पोरा. बसा. आता काढतोच हाव."

भावोजी बसले. मी उभीच. त्या आजीच्या लेकाने मडकं काढलं, पाला ओढला, शेंगांची वाफ सुटली. मी दात खाऊन विचारलं, "हे मडकं कुणाचं?" आजी म्हणाली, "कोनाचा कं म्हायती गो. थितं दगडावं व्हता, उपडा. आमाला वाटला पोपटीलाच ठेवलाय कोनी, थंडी परल्यापासून त्यातच लावताव. मीठ बी त्यातच व्हता बाटलीत, आज सरला. कागद व्हता, तो ऱ्हवला बाजूला, लिवलेला कागद जालाचा नाय." खरंच, बरणी, वही आणि ती इंग्रजी चिठ्ठी एका पाटीत नीट झाकून ठेवली होती. मी म्हटलं, "आजी, तुम्हाला माहीत आहे का ते मीठ..." भावोजींनी माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटले. दुसरी सोलली. तिसरी. कितीतरी वेळ ते नुसते खात होते. काल उपाशी राहिलेला माणूस.

"मीठ बराबर परला का रं?" आजीने विचारलं.

"बराबर हाय," भावोजी म्हणाले. आणि मग, कंपनीत, घरात, माझ्याशी कधी बोलत नाहीत तशा आपल्या आईच्या बोलीत म्हणाले, "माज्या आबाचा मीठ हाय त्यो. त्या उंचवट्याखाली आमचा आगर व्हता. शेवटचा मीठ, मी जपून ठेवलंला."

माणसं चावायची थांबली. आजीने तोंडावर हात नेला. "अगो बाय माझे! पोरा, आमी मेलेल्या मानसाची ठेव खाल्ली?"

"ठेव कशाची?" भावोजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. "मीठ खायालाच केलंला ना त्यानं? बाटलीत बघला असता त आबानं माज्याच पाठीत घातली असती. खा. खा गो, शेंगा निवतान."

मी खाल्ल्या. खोटं कशाला बोलू, मला त्या मिठात वेगळं काही लागलं नाही, मीठ ते मीठ. पण मला रडू आलं आणि मी ते धुरावर ढकललं. आजीने सगळ्यांना दोन-दोन शेंगा पुन्हा वाढल्या, मडकं पाल्याने पुसलं, आणि घरून आणलेल्या पुडीतलं मीठ त्या रिकाम्या बाटलीत भरलं. "घेतला त ठेवला पायजे," म्हणाली. तिला खेळाचा नियम कुणी सांगितला नव्हता. मग ती म्हणाली, "आता मीठ खाल्लाय तुज्या बापाचा, त जागाया बी पायजे. ह्यो मडका मी बघन. कोन आला, कोन गेला, माजा ध्यान ऱ्हयल." वहीत सगळ्यांनी नावं लिहिली, आजीने अंगठा उठवला. मडकं काळंठिक्कर होऊन पुन्हा आपल्या दगडावर गेलं. आणि निघताना, ज्या माणसाच्या खिशात एक आणि माझ्या पिशवीत दुसरं, अशी दोन यंत्रं होती, तो माणूस मागे वळून म्हणाला, "आजे, सडकंला वाट कंची?" आजी म्हणाली, "ह्या बांधानं जा, कुत्रा भुकंल थितनं उजवीकरं वल." कुत्रा भुंकला. आम्ही उजवीकडे वळलो.

त्या रात्री भावोजींनी इंटरनेटवर त्या जागेचा मजकूर बदलला. अक्षांश-रेखांश तेच. खाली, मदत म्हणून जी ओळ द्यायची असते, तिथे मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं: "नाही सापडलं तर बांधावर आजींना विचारा." ताईने ते मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. म्हणाली, "ह्यांना बरं नाही का गो?"

परवा मी अष्टमीला गेले होते. ताईने वालाचं बिरडं केलं होतं. जेवणं झाली आणि भावोजींच्या मोबाइलवर निरोप वाजला. नाशिककडची कुणी दोघं, नवरा-बायको, आमच्या ओळखीपाळखीची नव्हेत, खाडीवर जाऊन आली होती. त्यांनी लिहिलं होतं, यंत्राने आम्हाला चिखलात नेऊन सोडलं, मग बांधावर एक आजी भेटल्या, त्यांनी हाताला धरून नेलं, इथे एका आबांचं मीठागर होतं असं सांगितलं आणि चहा प्यायल्याशिवाय सोडलं नाही. भावोजींनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, मोबाइल माझ्या हातात दिला आणि उठून अंगणात गेले. मी मागून गेले. त्यांनी खिशातून ते पहिलं, आगबोटीवरच्या मित्राने दिलेलं जुनं यंत्र काढलं, तुळशीवर ठेवलं, आणि वाकून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"आज तुळस जाग्यावर हाय गो," म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. यंत्राच्या मते तुळस विहिरीतच होती. मी म्हटलं, "हो, भावोजी. अगदी जाग्यावर आहे."